टायटनवरचा वारा

"हुशार हाय थे बाई, पण बोलते अशी, जशी देवळात तोंडातल्या तोंडात काही मागून राह्यली."

दाराबाहेर शिपाई चहावाल्याला सांगत होता. मी आत वर्गात फळा पुसत होते. हात थांबवला नाही. थांबवला असता तर मला ऐकू आलं हे त्याला कळलं असतं.

आर्वीच्या त्या कनिष्ठ महाविद्यालयात मी तीन वर्षं तासिकेवर भौतिकशास्त्र शिकवत होते. सकाळी वर्ध्याहून एसटी, दुपारी परत एसटी. संस्थेची पद्धत अशी होती, की कायम होण्याआधी अकरावीच्या वर्गावर एक पाठ घ्यायचा आणि अध्यक्षांनी मागच्या बाकावर बसून तो ऐकायचा. अध्यक्ष कापसाचे व्यापारी. त्यांना समजला तो पाठ चांगला. मागच्या वर्षी माझा त्यांना समजला नव्हता. मी स्वतः शिकले ती शाळा इंग्रजी माध्यमाची. विज्ञान डोक्यात इंग्रजीतच यायचं, आणि मराठीत आणेपर्यंत आवाज खाली गेलेला असायचा. या वेळी जमलं नाही तर सोडून द्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. घरी सांगितलं नव्हतं. सांगायचाही कंटाळा आला होता.

पाठासाठी तरफ किंवा भिंगं घेतली असती तर सोपं गेलं असतं. मी शनीचा चंद्र घेतला, टायटन. नुकतंच एक यान त्याच्या जवळून गेलं होतं. त्याबद्दल वाचताना दोनदा माझा बसचा थांबा चुकला होता, आणि त्या दिवसांत दुसऱ्या कशानेही माझं असं झालं नव्हतं.

पाठाच्या दिवशी फळ्यावर शनी काढला, बाजूला टायटन. "टायटनला दाट हवा आहे," मी म्हणाले, "पण स्वतःचं चुंबकीय क्षेत्र जवळजवळ नाही. बहुतेक वेळ तो शनीच्या क्षेत्राच्या आडोशाला असतो. सूर्याकडून येणारा वारा फार जोराचा असला, की तो आडोसा आत दाबला जात असणार आणि टायटन उघड्यावर पडत असणार. मग त्याच्या हवेचा अगदी वरचा थर थोडा थोडा वाहून जातो."

"थांब पोरी," मागून अध्यक्ष म्हणाले. "सूर्याचा वारा म्हंजे आपली लूच ना? उन्हाळ्यात सुटते थे?"

"मंग लू लागू नये म्हून टायटनले खिशात कांदा ठेवा लागन!" कुणीतरी पोट्टा बोलला आणि वर्ग हसत सुटला. सगळ्यात मोठ्याने अध्यक्ष हसले.

"लू कशी आंगातलं पानी ओढते, तसा हा वारा हवा ओढते. समजलं मले! मागच्या साली काईच नवतं समजलं."

"अगदी बरोबर, भाऊ. लूच," शेजारी बसलेले प्राचार्य म्हणाले, आणि माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. हो म्हण, असं.

मुलांनी वह्या उघडल्या. पहिल्या बाकावरची मुलगी लिहीत होती ते मला उलटं दिसत होतं: सूर्याचा वारा, म्हणजे लू. तीन वर्षं मी त्या इमारतीत मान हलवत आले होते, वेळापत्रकाला, बदललेल्या तासांना, सगळ्यांना. आणखी एकदा हलवली की झालं. अध्यक्षांचं अर्धं तर बरोबरच होतं. सगळंच चुकलं असतं तर बरं झालं असतं.

"हो ना पोरी?"

"नाई काका," मी म्हणाले, आणि माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "ओढून नेतो हे बरोबर हाय. पण लू नाई. लू म्हणजे तापलेली हवा, आणि या वाऱ्यात हवाच नसते. विजेचा भार असलेले अगदी विरळ कण असतात. टायटनच्या वरच्या थरातल्या ज्या कणांवर विजेचा भार येतो, त्यांनाच हा वारा सोबत घेऊन जातो, बाकीच्यांना नाही. मुलांनो, लिहिलेलं खोडा. मी पुन्हा सांगते."