सेल्फ लागला त्या सकाळी

लग्न होऊन मी वसईजवळच्या सांडोरला आले तेव्हा सासरे, आमचे बाबा, नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, पण जीव सगळा एका जुन्या विलायती मोटारीत अडकलेला. काळी, गोल पाठीची ती गाडी त्यांनी मुंबई सोडून जाणाऱ्या एका डॉक्टरकडून घेतली होती. रविवारी चर्चमध्ये मिस्साला आम्ही तिच्यातूनच जायचो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी पावसाळा सरल्यावर गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी छोटी मोटर, लागेना. किल्ली फिरवून डॅशबोर्डवरचं बटण दाबलं की आतून नुसता टिक् आवाज यायचा, इंजिन जागचं हलायचं नाही. मग बाबा पुढून हँडल मारून गाडी चालू करायचे. एके दिवशी हँडल उलटं फिरलं आणि त्यांचं मनगट सुजलं. सासूबाईंनी हँडल उचलून कुठेतरी ठेवून दिलं. कुठे, ते त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

बाबा मग सेल्फच्याच मागे लागले. आधी बॅटरी वसईला नेऊन चार्ज करून आणली. टिक्. मग सेल्फची मोटरच खोलून गोखिवऱ्याला एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने ती टेबलावर बॅटरीला जोडून दाखवली, तर भणाणून फिरली. "मास्तर, मोटर एकदम ठीक आहे," तो म्हणाला. घरी आणून बसवली. पुन्हा टिक्.

एका संध्याकाळी बाबा बटण दाबत बसले होते. चोक ओढायला गेले आणि झटक्यात हात मागे घेतला. चोकचं बटण चटका बसेल इतकं तापलं होतं.

रात्री जेवताना ते एकदम थांबले. मला म्हणाले, "बाय, चोकची तार का तापावी? तिचा नि विजेचा काय संबंध?" मग त्यांनीच उत्तर दिलं. सेल्फमध्ये गेलेली वीज गाडीच्या सांगाड्यातून बॅटरीकडे परत जाते. इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी एक जाड पट्टी असते, तिला अर्थ म्हणतात. खाऱ्या हवेने ती गंजली असणार. वाट बंद झाली म्हणून वीज इंजिनापर्यंत गेलेल्या चोकच्या बारीक तारेतून जायला बघतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर गेला होता. सासूबाई मागीलदारी होत्या. बाबांनी मला हाक मारली. वाडीत केळींना पाणी सोडायचा एक पाट होता, तेव्हा कोरडा. मोटर खोलायच्या वेळीच त्यांनी गाडी ढकलवून, चाकं दोन्ही काठांवर ठेवून, त्या पाटावर अशी उभी केली होती की खाली उताणं झोपता यावं. ते पुढच्या बाजूने गाडीखाली शिरले. हातात जाड केबलचा तुकडा होता. पाय तेवढे बंपरच्या बाहेर.

"मी केबलने इंजिन आणि सांगाडा जोडून धरतो. मी सांगितलं की किल्ली फिरव आणि बटण दाब. बाकी कशाला हात लावू नको."

मला गाडी चालवता येत नव्हती. मी नुसती बसले.

"दाब."

मी दाबलं. टिक् झालं नाही. इंजिन गर्रकन फिरलं, पेटलं, आणि गाडीने पुढे उडी घेतली.

हँडब्रेक ढिला होता म्हणून बाबांनीच आदल्या संध्याकाळी ती गिअरमध्ये ठेवली होती आणि सकाळी विसरून गेले होते. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की बाबांचे पाय होते तिकडेच गाडी निघालीय. समोरच्या केळी अंगावर येत होत्या. हात किल्लीवरच होता, मी ती उलटी फिरवली. दोन केळी आडव्या करून गाडी थांबली.

मला दार उघडता येईना. कडी लागली नव्हती तरी उघडता येईना. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. आपण माणूस मारला, आणि तोही कोण, एवढं एकच डोक्यात.

खाली उतरले तेव्हा बाबा पाटात उताणे पडले होते. सदऱ्याची एक बाजू फाटून काळी झाली होती, कपाळावर लांब ओरखडा. डोळे उघडे होते. मी जवळ जाऊन बसले.

"अर्थच होता," ते म्हणाले.

सासूबाई धावत आल्या. आडव्या झालेल्या केळी, पाटातले बाबा, मी, सगळ्यांकडे त्यांनी आळीपाळीने बघितलं. बाबांना हाताला धरून उठवलं आणि घरात नेलं. चहा करून आणला आणि स्वतःच्या हाताने पाजला.

गाडी कित्येक दिवस केळीतच उभी राहिली. मग नवऱ्याने गंजलेली पट्टी बदलली. बाबा ओट्यावरून बघत होते. बटणाला पहिल्यांदा बोट लावताच सेल्फ लागला. मी स्वयंपाकघरात होते, तो आवाज ऐकून हातातलं भांडं खाली पडलं.

संध्याकाळी बाबांना मी विचारलं, "त्या दिवशी खाली काय वाटलं तुम्हाला?"

"खरं सांगू? इंजिन लागलं तेव्हा आधी आनंद झाला. वाटलं, सापडलं. गाडी अंगावरून जातेय हे मागून कळलं."

सासूबाई शेजारीच मेथी निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. बाबांकडे त्या अशा बघत राहिल्या, जणू हा माणूस त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.