मिडवाइफ, म्हणजे सोबतीची बाई

“नर्सबाई, ती खुर्ची सरकव हिकडं.”

“आता कशाला, आजी? पोराचा श्वास बघा कसा चाललाय.”

“म्हनूनच म्हनते, सरकव बिगी. ह्या खोलीवर जिना न्हाई. दारातनं भाईर पडलं की लेकरू खालीच जायचं. आधी वर जाऊ दे त्येला.”

“आणि तुम्ही पडलात म्हणजे?”

“पडले तर तू हायस की, दाखलेवाली!”

केझाया हार्करचं तोंड असंच. यॉर्कशरच्या आमच्या खोऱ्यातली निम्मी माणसं तिनंच जगात ओढून आणली, मलासुद्धा. मग कायदा आला. दाखला नसेल तिनं बाळंतपणं करायची नाहीत, स्वतःला मिडवाइफही म्हणवायचं नाही. काम गेलं ते तिनं गिळलं. नाव गेलं ते काही गिळवेना. तिला बरं वाटावं म्हणून शाळेच्या मास्तरांनी शब्दाची फोड करून सांगितली. आम्ही समजायचो, मिड म्हणजे मधली. मास्तर म्हणाले, तसं नव्हे. वाडवडलांच्या जुन्या बोलीत मिड म्हणजे सोबत, आणि वाइफ म्हणजे बायको नव्हे, नुसती बाई. बाळंतिणीच्या सोबत असते ती.

“मंग तेवढी सोबत तरी ठेवायची हुती की माझ्याकडं,” केझाया म्हणाली आणि मोजे विणत बसली.

टॅमर आल्डरसनला दिवस भरायच्या आधीच कळा लागल्या, तेव्हा तिनं नर्सबरोबर केझायालाही बोलावणं धाडलं. नर्स पोरगी भली, तिनं येऊ दिलं. पोर निळं जन्मलं. नर्सनं चोळलं, फुंकलं, श्वास जेमतेम लागला, पण शेवटी तिनं हात टेकले. टॅमर एवढंच म्हणाली, “केझाया, आधी वर ने गं त्याला.” आमच्याकडं मूल खाली उतरवण्याआधी वर चढवतात, नाहीतर जन्मभर घसरण. ह्याचा जन्म तो केवढा!

म्हणून ती खुर्ची. नर्सनं अखेर सरकवली, धरूनही ठेवली. केझाया कण्हत चढली, पोराला दोन्ही हातांनी वर उचललं.

“लागलं का गं तुळईला?” टॅमरनं विचारलं.

“लागलं. टाळू टेकली बघ.”

दुपारपर्यंत ते आईच्या छातीवर होतं. मग त्याचा श्वास थांबला. केझाया टॅमरचा हात धरून नुसती बसून राहिली.

खाली टॅमरचा नवरा अँटनी उभा होता. वर यायचा त्याला धीर होईना. केझायानंच पोराला खाली नेऊन त्याच्या हातात दिलं. “मान धर नीट,” म्हणाली.

मग रक्ताच्या चादरी काखेत मारून ती ओढ्यावर गेली आणि गार पाण्यात आपटायला लागली.