लालाचं बरं हाय

लालासाहेबाला कुणी काहीही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच. बरं हाय. वय बेचाळीस, समज सहा-सात वर्षांच्या लेकराची. हे उत्तर त्याच्या आईनं, सुलाबाईनं, त्याच्या अंगात मुरवलं होतं. पै-पाहुण्यांत जाताना ती आधीच दटावायची, "कुनी इचारलं तर बरं हाय म्हनायचं. रडक्याला कोन थारा देत न्हाई."

लाला शिकला, तो इतका पक्का शिकला, की पलूसकडच्या गुऱ्हाळावर उकळता रस पायावर सांडला तरी पाय रबरी बुटात तसाच ठेवून दोन दिवस साऱ्यांना बरं हाय सांगत फिरला. वास सुटला तेव्हा थोरल्या बहिणीनं, राहीबाईनं, बूट ओढला. बुटासंगं कातडी आली. सुलाबाईला त्या दिवशी घास गिळेना. पण शिकवलेलं माघारी कसं घ्यायचं हे काही तिला उमगलं नाही, आणि ती तशीच गेली.

तिला जाऊन नऊ वर्षं झाली. राहीबाईनं भावाला सांभाळलं. आता तिचीच कंबर धरली, म्हणून साताऱ्याजवळ असल्या लेकराच्या समजेच्या मोठ्या माणसांसाठी एक घर होतं, तिथं त्याला तीन महिने ठेवून बघितलं. आज कायमचं ठरायचं होतं. तिथली कार्यकर्ती नीलिमा त्याचं सुख मोजणार होती. कमी भरलं तर राहीबाई त्याला परत नेणार होती. आल्या आल्या दारातच तिनं त्याची कॉलर सारखी केली आणि बजावलं, "बाईंस्नी नीट सांग हं."

नीलिमानं टेबलावर चेहऱ्यांची पाच चित्रं मांडली, एका टोकाला रडका, दुसऱ्या टोकाला हसरा. जेवण कसं वाटतं? लालाचं बोट हसऱ्यावर. झोप? हसऱ्यावर. खोलीतला धनाजी? हसऱ्यावर. नीलिमा जरा थांबली. मग तिनं विचारलं, कुणी मारलं तर कसं वाटेल?

बोट जागचं हललं नाही. "बरं हाय."

 राहीबाईनं गुऱ्हाळावरची हकीकत सांगितली, तशी नीलिमानं पेन खाली ठेवलं. सगळ्याला हो म्हणणारी माणसं तिला नवी नव्हती, पण असं मोजून कागदावर काय लिहायचं?

"आरं लाला, खरं बोल की," राहीबाई म्हणाली. "कोन सांगतंय तुला बरं हाय म्हन म्हनून?"

"आय."

"कवा सांगितलं?"

"आत्ता." त्यानं तिच्या खांद्यामागं बघितलं. "तुज्या मागं हुबी हाय की."

राहीबाईनं मान वळवली नाही. 

नीलिमानं हळूच विचारलं, "लालादादा, आई इथं रोज येते?"

"रोज कुठली? आज आली. आक्कासंगं येस्टीनं."

राहीबाईला दारातलं आपलं बोलणं आठवलं. नीट सांग हं. शब्द तिचे होते, पण दटावणी सुलाबाईची. ती टेबलाला धरून उठली. "चल आय," ती म्हणाली, "आपन भाईर बसू." बाहेर येऊन तिनं दार ओढून घेतलं, आणि व्हरांड्यातल्या बाकावर थोडं सरकून बसली.

 आतून लालाचा आवाज आला. "न्हाई." बेचाळीस वर्षांत तिनं त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, जरा जोरात.

अर्ध्या तासानं नीलिमा बाहेर आली. सकाळचा पातळ चहा रडक्यावर होता. धनाजीचं घोरणंही. मिरचीची रोपं हसऱ्यावर. मारायला कुणी मारत नव्हतं. शेवटचा प्रश्न सांगताना ती अडखळली.

"घरी जायचं का विचारलं. त्यांनी रडक्यावर बोट ठेवलं. म्हणाले, घरी आय असती."

राहीबाईनं त्याला कायमचं तिथं ठेवायचा कागद घेतला आणि सावकाश सही केली. नीलिमा म्हणाली, मावशी, निदान भेटून तरी जा.

"नगं बाई. मी आत गेले की ही बी येईल."

ती फाटकाकडं निघाली. वाट चांगली रुंद होती, तरी म्हाताऱ्या माणसाला जागा सोडावी तशी ती कडेकडेनं चालत राहिली.