ढकलत नेलेली गाडी

चाळिशीत मोटरसायकल शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा जुनीच गाडी बघणं आलं. "आधी इंजिनला हात लाव. गरम असेल तर समज, मालकाने तू यायच्या आत चालू करून ठेवलीय," असं भावाने बजावलं होतं.

इंजिन गार होतं. "मुलगा गेला तेव्हापासून उभीच आहे," अंगणात गाडीचे मालक, एक वयस्कर काका, म्हणाले.

मी किक मारत राहिले आणि गाडी एकदाची सुरू झाली. तोच आत ताट मांडल्याचा आवाज आला आणि काकूंचा सूर, "आलास? हातपाय धुऊन घे."

मी घाईघाईने गाडी बंद केली.

टायर, चेन, धूर, सगळं तपासतो आपण. पण प्रत्येक गाडीचा आवाज कुठल्या तरी घराच्या कानांत बसलेला असतो. गाडी नावावर झाली, की तोही आपला होतो का?

व्यवहार ठरल्यावर काका हळूच म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत ढकलत न्या. हिला ऐकू जायला नको."

मी ढकलत निघाले. मऊ मातीवर चाकांचाही आवाज नव्हता. फाटकाशी पोचले आणि आतून हाक आली,

"अरे, न जेवता कुठे निघालास?"