वालूरचं शटर आणि खिळ्यावरचं दावं

मी शटरवाला माणूस. परभणीत माझं छोटं दुकान आहे, रोलिंग शटर बसवणं आणि दुरुस्त करणं हे काम मी अठरा वर्षं करतोय. या धंद्यात भुताखेतांवर विश्वास ठेवला तर माणूस उपाशी मरेल. शटर आपोआप वर गेलं, अर्ध्यात अडकलं, खडखडलं, अशा तक्रारी आम्हाला रोजच्याच... आणि कारण निघतंच. कधी पट्टीत पाल मेलेली असते, कधी उंदरानं वायर कुरतडलेली असते. या सदरातले अनुभव मी बायकोला वाचून दाखवतो आणि पोटभर हसतो, हेही आधीच कबूल करतो. आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट मागच्या संक्रांतीनंतरची. सेलू तालुक्यातल्या वालूरहून बालाजी नावाच्या माणसाचा फोन आला. वय चाळिशीचं, नोकरी संभाजीनगरला, महिनाभराची रजा काढून गावी आलेला. घराला लागून नवीन गॅरेज बांधलं होतं, मोटरवर चालणारं शटर होतं, रिमोट होता. शटर बंद होत नव्हतं.

दुपारी बाराला पोचलो. रिमोट दाबला, शटर सरसर खाली आलं आणि जमिनीला टेकलं. वर नेलं, परत खाली आणलं. असं दहा वेळा केलं.

"हे तर मस्त चालायलंय की," मी म्हणालो.

"दिवसा चालतंय हो मेस्त्री," बालाजी कसनुसा हसला. "संध्याकाळी दिवेलागणीला छातीपर्यंत येतंय अन् मागं फिरतंय. आठ दिस झाले."

मला लगेच कळलं. म्हणजे तेव्हा वाटलं की कळलं. शटरच्या दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीवर सेन्सर असतात, एकमेकांकडे बघणारे दोन डोळेच म्हणा. मध्ये माणूस किंवा मांजर आलं की शटर लगेच वर जातं, कुणी चेंगरू नये म्हणून. गॅरेजचं तोंड पश्चिमेला होतं. मावळतीचं तिरपं ऊन सेन्सरमध्ये शिरत असणार! मी पुठ्ठ्याची छोटी टोपी करून सेन्सरवर बसवली, चहा प्यायलो आणि स्वतःवर खूश होऊन परत निघालो. सेलूत दुसरं एक काम उरकेपर्यंत दिवेलागण झाली आणि फोन वाजला. शटर मागे फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी हट्टानं चार वाजताच गेलो. सोबत नवीन सेन्सर होता. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की वीज कमी दाबानं येते, तसं काही असेल म्हणून बॅटरीही नेली होती. काम करता करता घरातली माणसं कळत गेली. बालाजी, त्याची बायको आणि अंगणात बाजेवर घोंगडी पांघरून बसलेले त्याचे वडील, आबा. आबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, बाजेशेजारी वॉकर उभा होता. माझ्याकडे ते टक लावून बघत होते.

चहा देताना वैनी हळूच म्हणाल्या, "मेस्त्री, आज कसंबी करून हे लागू द्या. आबा सांजचं जेवत न्हाईत."

"कामून?"

"जनावर आत आल्याशिवाय अन् दार लागल्याशिवाय त्यांनी जल्मात रातचा घास खाल्ला न्हाई. हितं पहिला गोठाच व्हता ना. आता दार लागत न्हाई, मंग ते बसून ऱ्हात्यात. दुधाच्या घोटावर आठ दिस काढलेत. जेवणानंतरच्या गोळ्या हायत, त्या कशा द्यायच्या?"

अंगणात बसलेल्या त्या माणसाकडे मी नीट बघितलं. गालफाडं बसली होती. तोवर माझ्यासाठी ते बिघडलेलं शटर होतं, त्यानंतर तसं राहिलं नाही.

बाकीचं बालाजीनं गॅरेजमागे नेऊन सांगितलं. आबा तीन आठवडे परभणीच्या दवाखान्यात होते, तेव्हा त्यानं गोठा पाडला. आबांना तपासायला न्यायचं तर गाडी दारात हवी, असा विचार. बैलांची जोडी कधीच मोडली होती, माणक्या नावाचा एकटाच बैल उरला होता. त्याला दाणापाणी करायला घरात कुणी नव्हतं, म्हणून बाजारात विकला. आबांना मात्र सांगितलं की भावकीतल्या एकाला ऊसतोडीच्या गाडीसाठी दिलाय, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की येईल.

"खरं सांगायची हिंमत झाली न्हाई," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणले, टेन्शन देऊ नका."

मलाही बाप आहे. मी सेन्सर बदलायला लागलो.

दिवेलागण झाली. बालाजीनं रिमोट दाबला. शटर खाली आलं, छातीच्या उंचीवर थांबलं आणि वर गेलं. नवा सेन्सर, तरी मध्ये कुणी असल्याचा लाल दिवा! समोर कुणी नाही, साधं चिलट नाही. बॅटरीवर चालवलं, तेच. मग सेन्सरच्या वायरीच काढून एकमेकींना जोडल्या. आता ते दोन डोळे शटरला थांबवूच शकत नव्हते. तरी त्याच उंचीवर थांबलं. मोटर सोडवून हातसाखळीनं ओढायला गेलो. मी काही किरकोळ माणूस नाही, पण तिथं आल्यावर साखळी एक कडी पुढं जाईना.

शटर तसंच छातीएवढं ठेवून, खालच्या पट्टीत काही अडकलंय का म्हणून मी पट्टीच्या खालून हात फिरवला. थंडी चांगलीच होती, लोखंड हाताला गार चटका देत होतं. आणि मधोमध, साधारण हातभर लांबीची पट्टी... ऊबदार होती. मोटरची ऊब तिथं येत नाही, मोटर वर कोपऱ्यात असते. मी हात काढला, परत लावला. तीच ऊब. मी शेतकऱ्याच्या घरात वाढलोय. थंडीत बैलाच्या पाठीवर हात ठेवल्यावर तळव्याला काय लागतं, हे मला कुणी सांगायला नको.

भीती वाटली नाही, हे सांगितलं तर खोटं वाटेल. पण खरंच वाटली नाही. उलट हात तिथून काढावासा वाटेना.

मी मागं वळलो तर आबा वॉकर धरून उभे होते.

"मेस्त्री, नका झटू," ते म्हणाले. आवाज बारीक पण स्पष्ट होता. "तुमच्या यंत्रात खोट न्हाई. त्या खिळ्यावर काय हाय, बगा."

गॅरेजच्या आतल्या भिंतीवर, गाडीच्या मागे, एका खिळ्याला जाड दोर गुंडाळून टांगलेला होता. बैलाच्या गळ्यातलं दावं. वैनींनी मान खाली घातली. जनावर विकताना दावं देत नाहीत, लक्ष्मी घरात राहावी म्हणून ठेवून घेतात, ही आमच्याकडची रीत. बाईनं रीत पाळली होती. पण एवढं मोठं खोटं रचताना ही बारीकशी गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नव्हती.

"गाडीला दिलेलं जनावर दाव्यासंगं जातंय," आबा म्हणाले. "दावं मागं ऱ्हातंय ते इकलेल्याचं. म्या दवाखान्यातून आलो त्याच दिशी बगितलं."

बालाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "मंग आबा, बोलला कामून न्हाईत?"

"म्या कशाला बोलू? तू म्हणलास, येनार हाय. पोटचं पोरगं म्हणायलंय येनार हाय, तर येनाऱ्याच्या तोंडावर दार कसं लावावं? आता तूच सांग. येनार हाय का न्हाई?"

शेजारच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. बालाजीनं रिमोट खिशात घातला. एवढा चाळिशीचा बाप्या, पण चेहरा शाळेत छडी खाणाऱ्यासारखा झाला होता.

"न्हाई येनार, आबा," तो शेवटी म्हणाला. "इकला म्या. तुमाला न इचारता इकला. चुकलं माझं." आणि तो आमच्या देखत ढसाढसा रडला.

आबांनी नजर त्या उघड्या दाराकडे वळवली. मग विचारलं, "कुनाला दिला?"

"गंगाखेडकडला शेतकरी हाय. त्याचाबी एकच ऱ्हायला व्हता. जोडी लागली."

"जीव लावनारा हाय का?"

"हाय. नेताना पाठीवर झूल टाकली त्यानं. मानेवरून हात फिरवला."

आबांनी मान हलवली. वॉकर टेकत टेकत ते दाराशी आले, उंबऱ्याबाहेरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "जा बाबा. सुखात ऱ्हा. आमच्याकडून लय राबलास." मग थोडं बाजूला सरकले, जसं जनावराला वळायला जागा देतात तसं.

"लाव आता," ते बालाजीला म्हणाले.

मी मोटर जोडली. त्यानं रिमोट दाबला. शटर सरसर खाली आलं आणि जमिनीला टेकलं.

त्या संध्याकाळी आबांनी दीड भाकरी खाल्ली. वांग्याची भाजी होती, मलाही आग्रहानं बसवलं. वैनी गोळ्या घेऊन उभ्या होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. बालाजी बापाच्या ताटाशेजारी बसून होता, भाकरी कुस्करून देत होता. आठ दिवसांचं काहीतरी सुटलं होतं.

आता वर्ष होत आलं. शटरची परत तक्रार नाही. काढून आणलेला जुना सेन्सर मी दुकानात जोडून बघितला, ठणठणीत चालतो. माझ्या ओळखीच्या दोन मेस्त्रींना सगळं सांगितलं. एक म्हणाला पट्टी वाकली असेल, दुसरा म्हणाला म्हाताऱ्यानंच काही केलं असेल. आबा वीस फुटांवर बाजेवर होते, काय करणार? भूत म्हणावं तर माणक्या जिवंत आहे, गंगाखेडकडे नांगर ओढतोय. जित्या बैलाचं भूत कुणी ऐकलंय? मी खूप डोकं खाजवलं. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा.

एक गोष्ट मात्र तिथं कुणाला सांगितली नाही. जेवण झाल्यावर, निघायच्या आधी, मी एकटाच गॅरेजपाशी गेलो. शटर छातीएवढं वर घेतलं आणि खालच्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. सगळी पट्टी सारखीच थंडगार होती. अठरा वर्षांत शटर दुरुस्त झाल्याचं मला वाईट वाटलं, ते तेवढं एकदाच.