मागच्या बाकावरची शिक्षा

मुलुंडच्या कोर्टात माझ्याइतका झकास कालथा आजवर कुणी नाचवला नसेल. कालथा म्हणजे खरोखरचाच, भाकरी उलटायचा, लोखंडी. पोलिसांनी तो खाकी कागदात गुंडाळून, लाखेचं सील लावून मुद्देमाल म्हणून जमा केला होता. मालकीण माझी अशील. मूळची कणकवलीकडची, भांडुपच्या चाळीत राहणारी, एका सरकारी इस्पितळात अकरा वर्षं रोजंदारीवर आया. गच्चीवर वाळत घातलेले हिचे बांगडे शेजारणीने गटारात फेकले, आणि हिने हातातला कालथा तिच्या मनगटावर हाणला. दोन टाके पडले. शेजारीण तडजोडीला काही केल्या तयार होईना.

पहिल्याच भेटीत बाईने आपली खरी अडचण सांगितली होती. तिला नोकरीत कायम करायचे कागद वर गेले होते. तारीख पडली की खाडा, आणि खाडे वाढले की साहेब लोक नाव खोडणार. ती म्हणाली, "वकीलसाहेब, मारलं ते मारलं. पण एका दिवसात संपवा. माझी ऑर्डर यायचीय."

एका दिवसात संपवायचा आमच्याकडे ठरलेला उपाय आहे, कबुली. गुन्हा किरकोळ असेल आणि पहिलाच असेल तर आरोपीने हात जोडून गुन्हा कबूल म्हणायचं, वकिलाने गरिबी आणि आजारपण आळवायचं, मग मॅजिस्ट्रेट थोडाफार दंड आणि 'कोर्ट उठेपर्यंत कैद' सुनावतात. कैद म्हणजे त्या दिवशीचं कामकाज संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचं. पंखा असतो. पाणी मिळतं.

त्या दिवशी मी भलताच रंगात होतो. परवानगी घेऊन मी तो कालथा कागदातून बाहेर काढला, दोन्ही हातांवर तलवारीसारखा तोलला आणि म्हणालो की याच हत्याराने या माउलीने तीन पोरं वाढवली. सरकारी वकील खाली बघून हसत होते. वर्षातून दोनदा हसणाऱ्या मॅजिस्ट्रेटबाईंनीसुद्धा चष्मा पुसायला काढला. शिक्षा झाली ती नेहमीचीच, दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद.

'कैद' ऐकून बाईचा चेहरा उतरला. मी वाकून तिच्या कानात म्हणालो, "अहो ताई, ही कसली शिक्षा? शाळेत उशीर झाल्यावर बसवतात तसं बसायचं. पाच वाजता घरी."

ती हसली. बाकावर तिच्या शेजारी जुगारात पकडलेले दोघे आणि दारू पिऊन रिक्षा चालवणारा एक होता. तिने डबा उघडून चौघांत चपाती-भाजी वाटली. मी समोरच्या हॉटेलात जाऊन मिसळ खाल्ली आणि कालथ्याचा प्रयोग तिथल्या वेटरला पुन्हा करून दाखवला.

काही महिन्यांनी कायम होण्याआधीचा फॉर्म तिच्या हातात आला. त्यात एक रकाना असतो, आपणास कोणत्याही न्यायालयाने शिक्षा केली आहे काय? बाईने टपोऱ्या अक्षरात लिहिलं, नाही. पोलीस तपासणीत कबुली निघाली. ऑफिसने सांगितलं की मारामारीचं एक वेळ बघितलं असतं, पण माहिती लपवलीत. ऑर्डर तर नाहीच आली, होती ती रोजंदारीही गेली.

फॉर्मची झेरॉक्स घेऊन ती कोर्टाच्या आवारात माझ्या टेबलाशी आली. ओरडली वगैरे नाही.

"साहेब, तुम्हीच बोललात ना, ही शिक्षा नाय?"

"ताई, ती गंमत होती."

"कोर्टात गंमत करतात हे मला काय माहीत?"

यावर मला सुचलं ते नको ते. पहिल्या गुन्ह्याला नुसती समज देऊन सोडायची कायद्यात सोय आहे, आणि तशी सुटका झाली तर तो गुन्हा नोकरीच्या आड येत नाही. कबुलीनंतर तेवढं एक वाक्य मागायचं असतं. मिळालं असतंच असं नाही, पण मागायचं असतं. मी कालथ्यात गुंतलो होतो. हे मी तिला का सांगितलं, देव जाणे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की मग जे बोललात ते तसंच लिहून द्या.

मी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या, एकही अलंकार न वापरता. मी तिला असं असं सांगितलं, चूक माझी. ऑफिसचं उत्तर एका ओळीचं आलं, विनंती विचारात घेता येत नाही.

आता ती पवईच्या एका टॉवरमध्ये अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचं करते. बारा तास, सुट्टी नाही. मुद्देमाल परत देण्याचा हुकूम निकालातच झाला होता, पण ती न्यायला कधी आली नाही. मागच्या महिन्यात रस्त्यात दिसली, तेव्हा मी विचारलं, अर्ज करून कालथा आणून देऊ का?

"नको," ती म्हणाली. "तुम्ही परत तिथे काहीतरी बोलाल."