बिज्याचा पाट

आमच्या घरी ढोलकीचं खोड बनते. सासरा सुतार, नवरा त्याच्या हाताखाली. मी चवथी शिकलेली, मले लाकडातलं काय समजते, पन आयकून आयकून समजलं का सालईचं लाकूड मऊ, थाप मारली का आवाज तिथंच गिळते, अन् बिज्याचं लाकूड आवाज धरून ठेवते, जाड बाजूनं वाजवलं तं पोटात घुमते. 

लेकरू सात महिन्याचं झालतं. सासरा बाजूलेच पटाशी ठोके, मांजर पळे, हे झोपलेलंच. सासू म्हने, "लई गुनाचं हाय." मंग एक दिवस माह्या हातातून पितळी परात त्याच्या मांगं पडली, सासू आंगनातून बोंबलली, मी सोता उडाली, अन् यानं डोळा बी नाई हालवला.

मी कोनाले नाई सांगतलं. पल्याडच्या घरी मुकं लेकरू झालं तं त्या बाईले माहेरी धाडली अन् दुसरी आनली. ते दुसरी आमच्या सासूनंच पाहून देलती.

मंग असं झालं का मी लेकराले बिज्याच्या पाटावर बसवलं, अन् त्याच पाटाच्या दुसऱ्या टोकावर सासऱ्यानं नवं खोड ठेवून बुक्की हानली. लेकरानं मान वळवली! हासलं! माह्या तं जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी कोनी नसतानी सालईच्या फळीवर बसवून मीच ठोकलं. काई नाई. बिज्यावर ठोकलं, पायलं. खालूनच पोचत होतं त्याले, कानातून नाई. तवापासून पाट माह्या काखेत. चुलीपाशी पाट, विहिरीवर पाट.

सासू म्हने, "राजाच्या पोटी आलं काय वं हे, जमीन रुतते त्याले?"

एक दिवस दुपारी सासऱ्यानं हाक मारली.

"सूनबाई, पोट्टं हाक मारली तं पायत काऊन नाई?"

"पायते ना मामाजी, बसल्यावर पायते." मी घाईघाई पाटावर बसवलं. त्यायनं मांगून पाटावर बुक्की हानली, लेकरानं पायलं.

"पाहा," सासू म्हनली, "उगाच तुमची शंका."

सासरा माह्याकडे पाहून हासला. "सारी जिंदगी लाकूड ठोकून राह्यलो मी, अन् तू मले बिजा शिकवतं?" त्यायनं लेकराले एका हातानं उचललं अन् सालईच्या फळीवर ठेवलं. बुक्की हानली. भुसा उडाला. लेकरू ढलपी चोखत होतं. अजून हानली. अजून. मी मनात म्हनून राह्यली, पाय रे, पाय रे बापा, एकडाव पाय.

"सालईच हाय हे," सासरा माह्या नवऱ्याले म्हनला, "कितीबी ठोक." अन् नवरा हासला. माहा नवरा.

सासू वरडली बी नाई. "लुगडी बांध," म्हनली.

गाठोडं घेतलं, लेकरू घेतलं, पाट काखेत घेतला. दारात सासूनं पाट ओढला.

"हा ठेव. बिज्याचा हाय. येनारीच्या लेकराले कामी पडन."

माहेरी जायाले मुकुटबनच्या एस्टीत बसली. इंजिन सुरू झालं, बाक थरथरला, अन् लेकरू इकडं पाहे, तिकडं पाहे, खदखदा हासे. मले असा राग आला, मी त्याच्या पाठीत चापट हानली. त्याले वाटलं मी खेळून राह्यली. अजून हासलं.